पितरांत कोंद्रातकाका

"तुला जमणार नाही," आळंब्यांच्या पातेल्यावर झाकण आदळत तेक्ल्याबाई म्हणाल्या.

"जमेल गं आई. नावं तर घ्यायची आहेत."

"तुझे वडीलही हेच म्हणायचे."

"काय? जमेल म्हणून?"

"जमणार नाही म्हणून."

लावोन पुन्हा नावं पुटपुटू लागला. तो गावातला ट्रॅक्टर चालवायचा, कुणाचाही पंप दुरुस्त करून द्यायचा. पण स्वतःच्या घरात त्याने कधी सरळ खिळा ठोकला नव्हता, कारण ठोकायच्या आतच वडील हातातून हातोडी काढून घ्यायचे. वसंतात वडील गेले. आपानास नाव त्यांचं. घरचं कर्तेपण लावोनकडे आलं आणि पितरांची पहिली संध्याकाळ त्याच्या गळ्यात पडली.

आमच्याकडे शरदात पानं गळून गेली की हे जेवण असतं. पाद्रीबाबांना ते पसंत नाही, पण त्या संध्याकाळी पितरांसाठी त्यांच्याही घराचं दार किलकिलं असतं. कर्त्याने मेणबत्ती लावायची, गेलेल्या प्रत्येकाला नावानिशी हाक मारायची आणि प्रत्येक पदार्थाचा पहिला चमचा पितरांच्या ताटात वाढायचा. एखादं नाव राहिलं तर तो पितर उपाशी परततो आणि वर्षभर त्याचा राग गाईवर काढतो. जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, पडलेला चमचासुद्धा उचलायचा नाही. शेवटी पितरांना कोंबड्यांसारखं हुश्श हुश्श करून घरी धाडायचं. एवढंच. लावोनने आठवडाभर ट्रॅक्टरवर नावांची उजळणी केली होती.

तरी मेणबत्ती लावायला त्याला तीन काड्या लागल्या. टेबलाच्या टोकाला वडिलांची खुर्ची यंदा रिकामी ठेवली होती आणि ती रिकामी खुर्चीच त्याच्याकडे वडिलांसारखी बघत होती.

सुरुवात झकास झाली. पणजोबा, पणजी, खापरपणजोबांच्या दोन्ही बायका, लढाईत गेलेले मामा, सगळे न अडखळता आले. तेक्ल्याबाईंनी एकदा मानसुद्धा हलवली. मग वडिलांचं नाव आलं. लहानपणापासून त्याने ते नाव कधी एकटं ऐकलंच नव्हतं. आपानास आणि कोंद्रात, दोघे भाऊ. गाव त्यांची नावं एका दमात घ्यायचं. जिभेला जी सवय, ती जिभेने पाळली.

"बाबा आपानास, काका कोंद्रात, या, जेवायला या!"

त्याच्या बायकोच्या, स्तेफाच्या, हातातला चमचा खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

"मेल्या!" तेक्ल्याबाई किंचाळल्या. "भावजी जिवंत आहेत! सकाळीच कोबी कापताना पाहिलं मी त्यांना!"

"मग... नाव परत घेऊ का?"

"परत कसं घेशील? पोचलं ते तिकडे!"

तेक्ल्याबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, जिवंत माणसाला पितरांच्या ताटावर बोलावलं की तो पुढचा शरद बघत नाही. उपाय एकच. मेणबत्ती विझायच्या आत त्याने आपल्या पायांनी यावं आणि इथेच जेवावं. हे त्यांना कुणी सांगितलं, ते विचारायची सोय नव्हती, कारण ज्यांना ठाऊक होतं ते सगळे ताटाच्या पलीकडच्या बाजूला होते.

"धावत जाऊन घेऊन येतो," लावोन उठू लागला.

"बस खाली! जेवणावरून उठलास तर आणखी एक जाईल!"

लावोन बसला. वडील असताना साधा खिळा वाकडा गेला तरी घर डोक्यावर घ्यायचे, आणि आज त्याने एक अख्खा काका मारला होता.

"फोन करा ना," स्तेफाने एप्रनच्या खिशातून फोन काढून त्याच्यापुढे सरकवला.

आता पंचाईत अशी, की कोंद्रातकाका चार घरं पलीकडे राहत होते, पण या घराशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण शिडीवरून झालं होतं. कोंद्रातकाकांनी सफरचंदं काढायला आपानासची शिडी नेली, आपानासने ती दुकानात चारचौघांत परत मागितली, आणि कोंद्रातकाकांनी तिथेच सांगून टाकलं की आता ती मेलो तरी देणार नाही. भावाच्या दफनालाही ते कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

"हॅलो, काका? जिवंत आहात ना?"

"कोण बोलतंय?"

"लावोन."

"शिडी मिळणार नाही."

"शिडी नको काका, तुम्ही या. लगेच या. जेवायला."

"मी जेवलो. आमच्याकडेही पितर येतात म्हटलं."

"काका, चूक झाली. तुमचं नाव घेतलं मी."

"कुठे?"

"पितरांत."

पलीकडे खुर्ची करकरली.

"कुणाच्या नंतर घेतलंस?"

"बाबांच्या."

"म्हणजे तिथेही मी शेवटीच!" काका कडाडले आणि फोन बंद झाला.

मेणबत्ती बोटभर उरली. तेक्ल्याबाई दाराकडे बघत ओठातल्या ओठात पुटपुटत होत्या. मेणबत्ती नखाएवढी उरली तेव्हा दार धाडकन उघडलं, ज्योत आडवी झाली आणि स्तेफा किंचाळली. दारात आपानास उभा होता. तेच नाक, तशीच टोपी, आणि वाक्यही तेच.

"दार उघडं टाकून सगळी ऊब बाहेर! लाकडं कुणाच्या बापाची जाळताय?"

"भावजी," तेक्ल्याबाईंनी सुस्कारा सोडला, "आधी जेवा. मग ओरडा."

कोंद्रातकाका थेट रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पितरांचं ताट पुढ्यात ओढलं.

"काका, ते बाबांचं..."

"मला बोलावलंय ना? मग माझं." त्यांनी सगळे पहिले चमचे एकामागून एक फस्त केले. "आळंब्यांत मीठ कमी आहे."

"तेही दर वर्षी हेच म्हणायचे," तेक्ल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदार्थ पुन्हा वाढले, या वेळी दोन ताटांत.

"काका, माफ करा," लावोन म्हणाला. "तुम्हाला काही झालं तर..."

"मला काय होतंय?" काका ताटातून मान वर न काढता म्हणाले. "तुझ्या बापाला काय झालं? शिडीचं भांडण झाल्यापासून दर वर्षी मी त्याला पितरांत बोलवत होतो. जाणूनबुजून. मोठ्याने. चांगला टुणटुणीत राहिला की इतकी वर्षं!"

आता तेक्ल्याबाईंचा चमचा पडला.

"म्हणून!" त्या हळूच म्हणाल्या. "दर वर्षी या संध्याकाळी जेवण झालं की ते बूट घालायचे. गाय बघून येतो म्हणायचे, आणि गोठा सोडून फाटकाशी जाऊन तुमच्या घराकडे तोंड करून उभे राहायचे. मी आपली समजायची, पोटात गॅस झालाय."

काकांचा घास हातातच राहिला.

"फाटकापर्यंत आला होता?"

"दर वर्षी."

"मग पुढे यायला काय झालं होतं गाढवाला! दार उघडंच होतं." काकांनी बाहीने नाक पुसलं. "आज पहिल्यांदा खरा मेलेला म्हणून बोलावला. तेव्हा वाटलं, आता तरी येईल."

मेणबत्ती फडफडू लागली, तसा लावोन भानावर आला. पितरांना हुसकायची वेळ झाली होती. पण हुसकायचं कसं? काकांना आवतण पितरांचं होतं. हुश्श म्हटलं की तेही त्यांच्याबरोबर जायचे.

लावोनने या घरात पहिल्यांदाच कुणाला न विचारता ठरवलं.

"काका, तुम्हीच हुसका. हुसकणारा तो इकडचा, जिवंतांतला."

तेक्ल्याबाईंनी काकांची टोपी त्यांच्या हातात दिली.

कोंद्रातकाका उठले. "पितरांनो, आलात, जेवलात, आता आपापल्या घरी जा. हुश्श! हुश्श!" त्यांनी टोपीने सगळ्यांना दारापर्यंत हाकललं. तिथे ते जरा थांबले. "आपानास, तू सावकाश जा रे. बाहेर चिखल आहे."

मेणबत्ती विझली. स्तेफाने दिवा लावला, तेव्हा काका परत त्याच खुर्चीत बसून बटाट्याची धिरडी मागत होते.

सकाळी लावोन गोठ्याकडे निघाला, तर भिंतीला शिडी लावलेली. तिची एक पायरी कोरी करकरीत होती. लावोनने फाटकातूनच हाक मारली.

"काका! शिडी आणून दिलीत?"

"मी?" काका कोबीच्या वाफ्यातून ओरडले. "मी मेलो तरी देणार नाही म्हटलंय ना? आपानास घेऊन गेला असेल. काल आलाच होता इकडे!"

तेक्ल्याबाई बाहेर आल्या. त्यांनी नव्या पायरीवरून हात फिरवला. पितरांनी खिळे मात्र अगदी कोंद्रातकाकांसारखे वाकडे मारले होते.

"लावोन," त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना जन्मभर जमलं नाही ते तुला चुकून जमलं रे."