बन्सी मिस्त्रींची उंच जीप

या, असं पुढं या. दारात उभं राहून बोलायची ही कसली सवय तुमची? गेल्या खेपेला आलात, अर्धा चहा टाकून पळालात, अन वर लोकांना सांगितलंत की काकूंच्या गावात बघण्यासारखं काही नाही. नाहीच! किल्ला नाही, धबधबा नाही. धबधबा कुठून आणू, इथं नळसुद्धा आठवड्यातून एकदा नुसता खोकतो. पण आमच्याकडं बन्सी मिस्त्री आहेत, अन त्यांना न भेटता गेलात ही तुमची चूक. आता बसा निवांत.

बन्सी मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी वाकतात. पाया पडायला नव्हे. बाज, खुर्ची, टेबल, जे काय असेल ते खालून बघायला. बघून झालं की मगच टेकतात. माझ्या पुतणीच्या लग्नात तर नवरा-नवरीच्या सोफ्याखाली घुसले. वऱ्हाडाला वाटलं अंगठी हरवली, अर्धा मांडव शोधायला लागला. मिस्त्री बाहेर आले, गुडघे झटकले अन नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "डावीकडचा पाय गेलाय. जावईबापूला उजवीकडं सरकून बसाया सांगा."

व्याही लाल झाले. पण फोटोच्या वेळी चार मावश्या एकदम येऊन बसल्या अन डावा पाय गेलाच. मावश्या ओळीनं कलंडल्या. त्या धांदलीत मिस्त्री माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "वरून समदंच चांगलं दिसतंय. खालून बघा काकू, खालून."

माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान असतील, तरी काकू म्हणतात. सगळं गाव म्हणतं म्हणून.

पूर्वी ते सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. पाऊस लागोपाठ रुसला, शिवारातला ऊस संपला, कारखान्याचा भोंगा थांबला. मिस्त्री पान्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावात परतले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या महिला दूध संस्थेनं त्यांना जीपवर घेतलं. मी त्या संस्थेची सचिव. शिक्षण चौथी, पण सही झोकात करते. चेअरमन गयाबाई. त्यांचं शिक्षण किती, हे विचारायची छाती कुणाची नाही.

जीपचं काम एकच. सकाळी वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं अन तेलगावच्या शीतकरण केंद्रावर वेळेत पोचवायचं. त्यातली शेवटची डोंगरवस्ती. तिच्या वाटेत ओढा. ओढ्यावरचा पूल एका वर्षी पुरानं नेला, अन त्यानंतर जो पाऊस गेला तो गेलाच. पूल न्यायला पाणी होतं, प्यायला नाही. उरले म्हशीएवढे धोंडे. त्या धोंड्यांवर जीपचं पोट रोज घासायचं, रोज उशीर व्हायचा, अन उन्हानं बाकी गावांचं दूध नासायचं.

गयाबाईंनी मीटिंगमधी सांगून टाकलं, "वस्तीची फेरी बंद. तिकडची तरणी माणसं कोयता घेऊन गेली ऊसतोडीला, चांगली जनावरं चारा छावणीत. मागं राहिली म्हातारी अन त्यांची एकेक गाय. त्या चार लोट्यांसाठी समद्यांचं दूध नासवायचं का?"

आम्ही बायका माना हलवणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "एक महिना द्या."

मिस्त्री कधी मीटिंगमधी बोलत नाहीत. सगळ्या वळून बघायला लागल्या.

"महिन्यात काय करणार बे तू?" गयाबाई त्यांना 'बे' म्हणतात. पुरुषांनी एकमेकांना म्हणायचा शब्द, पण गयाबाईंना कोण सांगणार?

"जीप उंच करतो. धोंड्यावरून अलगद जाईल. पोट लागणार न्हाई, उशीर व्हणार न्हाई."

महिना मिळाला. मिस्त्रींनी कुठून कुठून लांब स्प्रिंगा पैदा केल्या अन जीप टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. गयाबाई चढायला गेल्या तर पदर, पाय अन पायरी यांचा मेळच बसेना. दोघी खालून ढकलतायत, एक वरून ओढतेय.

"चेअरमनला गाडीत घालायलाच तीन संचालक लागतात," मी म्हणाले. गयाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

धोंडे पार झाले हो, खोटं कशाला बोलू. पण सपाट रस्त्याला लागलं की जीप पिसाटायची. हँडल थरथर कापायचं. मिस्त्री डावीकडं वळवायचे, ती विचार करून वळायची. मागं कॅनमधी दूध असं घुसळायचं की केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडून मला विचारलं, "मावशी, ताक आणलंय का?"

मिस्त्री तीन दिवस जीपखाली पडून राहिले. जेवायला हाक मारली तर नुसते पाय हलायचे. चौथ्या दिवशी बाहेर आले, मातीत काडीनं चित्र काढलं अन मला समजावलं. चाकांचा आस अन गाडीचा सांगाडा यांना धरून ठेवणारे दोन लांब दांडे असतात. पूर्वी ते आडवे होते. आता गाडी वर गेली, पण दांड्यांची वरची टोकं सांगाड्याला जुन्याच जागी अडकलेली. म्हणून ते तिरके लोंबायला लागले, अन आसाला मागं ओढायला लागले.

"मंग गाडी खाली घ्या परत," मी म्हणाले.

"न्हाई काकू. दांड्याची जागा खाली आणायची. सांगाड्याला ब्रॅकेट लावायचे, त्याच्या खालच्या भोकात दांडा धरायचा. गाडी उंचच राहील अन दांडा पुन्हा आडवा."

ब्रॅकेटचा नमुना आधी पुठ्ठ्याचा हवा होता. त्यांनी माझं देवादिकांचं कॅलेंडर उतरवलं, मागचा पुठ्ठा कापला अन पानं परत खिळ्याला टांगून ठेवली. तेव्हापासून पंखा लावला की आमच्या तारखा उडतात. तेलगावहून जाड लोखंड कापून आणलं, भोकं पाडली, भोकं चुकली, परत पाडली. महिना संपत आला होता. गयाबाई येता-जाता जीपकडं बघून नुसतं "हं" करायच्या. त्यांच्या त्या एका "हं"मधी वस्तीची फेरी कधीच बंद झालेली असायची.

ब्रॅकेट बसले त्या दिवशी नवीनच भानगड. मिस्त्री म्हणाले, शेवटचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर पाहिजेत, अन गाडीत रोजचं वजन पाहिजे. नाहीतर दांड्याच्या टोकातलं रबर पिळा खाऊन बसतं अन महिन्यात फाटतं.

"मंग ठेवा की वजन," मी म्हणाले.

"कॅन रिकामे हायेत."

"पाणी भरा," म्हणता म्हणता मीच जीभ चावली. टँकर चार दिवस आला नव्हता.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं अन संचालक मंडळाकडं बघितलं. आम्ही सात जणी मीटिंगसाठी जमलेल्या. मनातल्या मनात त्यांनी आमचं वजन केलं, ते आम्हाला स्पष्ट दिसत होतं.

तर बघा, भर दुपारी, चाकांना धोंडे लावून उभ्या केलेल्या जीपमधी सात बायका बसल्यात. गयाबाई पुढं. जीप कुठंच जात नाही. खाली मिस्त्री पाना घेऊन आडवे.

"कुणी हलू नका! दांडा हलतोय!"

"बे, उकडून मेले मी!"

"श्वास घ्या, पण हळू घ्या चेअरमनबाई."

रस्त्यानं सायकलवर तुकाराम शिंपी चालले होते. थांबले. "कुठं निघालाव गं?"

"तीर्थाला," गयाबाई म्हणाल्या.

"मंग ड्रायव्हर?"

"तो खाली झोपलाय."

एका जणीला हसू आलं, तिच्यामुळं सगळ्यांना, अन जीप गदगदा हलायला लागली. खालून मिस्त्रींचा आवाज रडकुंडीला आला. "हसू नका माझे माय! हात जोडतो. हसायचं तर नंतर हसा!" तासभर बसवलं आम्हाला. उतरलो तेव्हा साड्या रेक्झिनला चिकटलेल्या.

पण दुसऱ्या दिवशी जीप सरळ चालली. हँडल शांत. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण संध्याकाळी फेरीचा निकाल लावायची मीटिंग होती अन वस्तीवर खरंच किती दूध निघतं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. ओढा पार झाला. धोंडे पोटाखालून गेले, कळलंसुद्धा नाही. मी शाबासकी दिली, पण मिस्त्रींचं लक्षच नव्हतं. नजर पुढं वस्तीवर.

वस्तीवर जीप थांबली. मिस्त्रींनी हॉर्न दिला अन बसून राहिले. लोक त्यांच्या नावानं ओरडतात ते याच्यासाठीच. दारापर्यंत जाऊन किटली घेत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना जीपपर्यंत चालत यायला लावतात. माझ्याकडंही तक्रारी आल्या होत्या.

आली एकेक जण. काठी टेकत, भिंत धरत. मिस्त्री प्रत्येकावर खेकसले.

"कावून उशीर?"

"गुडघा रं बाबा."

"काल बी गुडघाच होता. दुसरं कारण काढ उद्या."

अन किटली हातात घेऊन, झाकण काढून कॅनमधी ओतायचे. मी मागं बसून बघत होते. पहिल्या किटलीतून धार पडली. दुसरीतून थोडी. तिसऱ्या किटलीतून काहीच पडलं नाही. मिस्त्रींनी ती तशीच कॅनवर उपडी केली, शेवटचा थेंब निथळावा तशी झटकली, झाकण लावून परत दिली. चौथीही तशीच. सातव्या-आठव्या किटलीला माझ्याच्यानं राहवेना.

"मिस्त्री, अहो रिकामी हाय ती!"

"असू द्या."

"निम्म्या रिकाम्या आहेत!"

"गाया आटल्यात. चारा कुठाय?" असं म्हणून त्यांनी रांगेकडं बघितलं. परत बघितलं. "पारूबाई कुठाय?"

कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं अन उतरले. साठीच्या पुढचा माणूस त्या चढावर पळत गेलेला मी बघितला. टोपी पडली ती उचलली नाही. मीही लंगडत मागं गेले.

पारूबाई चुलीपुढं भांडी उलटीपालटी करत बसली होती. चांगली धडधाकट.

"किटली घावंना रं," ती म्हणाली.

मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभे. छाती लोहाराच्या भात्यासारखी. मग ओरडले, "मंग लोटा आण! तांब्या आण! काय बी न्हाई घावलं तर हात हलवत ये, पर येत जा!" अन तसेच पाठ फिरवून जीपकडं गेले.

पारूबाईनं मला खाली बसवलं. "रागावू नका त्याला," म्हणाली. "ह्याची माय हितंच ऱ्हात व्हती, ह्या पलीकडल्या खोलीत. कारखान्याचा सीझन सुरू. आमी समदे कोयत्यावर गेलतो. म्हातारी एकलीच. कवा गेली कुणाला ठावं न्हाई. तिसऱ्या दिशी गुराख्यानं बघितलं. हा पळत आला तवर..." तिनं कुणाच्या तोंडावरून चादर ओढावी तसा हात केला. "माझी गाय तर छावणीत हाय. मला म्हणला, रिकामी किटली आण. पर रोज ये."

परतीच्या वाटेला लागलो. टोपी मी उचलून आणली होती, ती मधल्या सीटवर ठेवली.

संध्याकाळच्या मीटिंगमधी गयाबाईंनी विचारलं, "वस्तीवर दूध किती?"

मी खोटं बोलले नाही. जे बघितलं ते सांगितलं, पारूबाईचं सांगितलं, रिकाम्या किटल्यांचं सांगितलं. मिस्त्री बाहेर होते, जीपखाली. आमच्या सातातल्या चौघींची पोरं त्या वर्षी उसाला गेलेली होती.

मग गयाबाईंनी पदर सावरला. "मी तासभर त्या भट्टीत बसले, ते काय फेरी बंद करायला?" म्हणाल्या. "आधी बाकी गावांचं दूध पोचवायचं. नासता कामा नये. मंग जीप वस्तीवर. तिकडचं दूध आपल्या गावातच रतीबाला लावू. अन त्याला सांगा, म्हाताऱ्यांवर खेकसू नको."

मी बाहेर जाऊन जीपखाली वाकले अन सांगितलं. मिस्त्री उताणे पडून वर बघत होते. हातात पाना नव्हता.

"पहिला भाग ऐकला," ते म्हणाले. "खेकसायचं मात्र जमेल तसं बघू."

त्याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस येतो, जातो, दगा देतो. माणसं अजून उसाला जातात अन म्हातारी अजून मागं राहतात. मी थकले, मिस्त्रीही थकले. पण जीप रोज निघते. तुम्ही दिवाळीनंतर या, तेव्हा गावं रिकामी असतात अन कुणी आलं की बरं वाटतं. मागच्या बाकावर जागा आहे, चढायला मी खालून ढकलीन. येणार असाल तर आधी कळवा. मिस्त्री वस्तीवर सांगून ठेवतात, अन मग ती माणसं हॉर्नच्या आधीच येऊन उभी राहतात. फक्त लवकर या. आता आम्हाला फार वाट बघायला होत नाही.