वटारच्या कासवांचा तपास

"अंकल, तुम्ही दिवसा मोकळेच असता ना?" असं ॲनिशानं विचारलं, तेव्हा गॉडफ्रे तुस्कानोंना खरं तर राग यायला हवा होता. पण राग यायलासुद्धा आधी कोणीतरी काहीतरी बोलायला हवं, आणि त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बायको, ग्लोरिया, गेली. मुलगी क्रिस्टीना बहारीनला. ती रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की फोन करायची आणि दहा मिनिटांत 'जेवण वेळेवर घ्या' इथपर्यंत येऊन थांबायची. बाकीचे सहा दिवस माणिकपूरच्या त्या दोन खोल्यांत आवाज करणारा असा एक प्रेशर कुकरच होता, आणि एका माणसाच्या भाताला तो तरी किती शिट्ट्या देणार!

ॲनिशा शेजारच्या इमारतीतली. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि मोबाइलवर जाहिराती टाकून नको ते प्राणी विकणाऱ्यांच्या मागावर असलेल्या एका ग्रुपची म्होरकी होती. तिनं फोनवर फोटो दाखवला.

"वटारला एक बाई बेबी कासवं विकतेय. पाठीवर पिवळ्या चांदण्या बघा, ही स्टार कासवं. जमिनीवर राहणारी. आणि बाईंनी ठेवलीत पाण्याच्या टबात! बुडून मरतील ती. शिवाय ही पाळणं आणि विकणं, दोन्ही गुन्हा. तुम्ही गिऱ्हाईक बनून जायचं, खात्री करायची आणि मला रिपोर्ट द्यायचा. मग मी फॉरेस्टवाल्यांना कळवते. एका फेरीचं काम आहे."

गॉडफ्रेंनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. एका फेरीत संपणारं काम त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरीही ते हो म्हणाले, दाढी केली, पांढरी टोपी चढवली आणि बुधवारी सकाळी निळ्या स्कूटरवरून वटारला पोचले.

केळीच्या वाडीतलं बैठं घर. ओट्यावर साठीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या.

"जय ख्रिस्त. कासवांची जाहिरात तुमचीच ना?"

"जय ख्रिस्त. बसा आधी. उन्हातून आलात."

बाईंचं नाव रोझमेरी मच्याडो. लग्न केलं नव्हतं. बहिणीचा मुलगा युजीन त्यांनीच वाढवला. तो आता बोटीवर नोकरीला लागला होता. जाताना कुठूनतरी आणलेली चार पिल्लं मावशीच्या पदरात टाकून, मावशीच्याच फोनवरून जाहिरात लावून, 'दोन दिवसांत जातील' असं सांगून तो समुद्रावर गेला. पिल्लं काही गेली नव्हती. ती कपड्यांच्या टबात काडेपेटीएवढाली अंगं घेऊन भिंतीला नख्या मारत होती, आणि आजूबाजूला पावाचे फुगलेले तुकडे तरंगत होते.

"अहो बाई, ही बुडतायत!"

"कासवं कशी बुडतील? पोहतायत ती."

"ही जमिनीवरची. पोहत नाहीयेत, बाहेर काढा म्हणून हातपाय मारतायत."

रोझमेरींनी छातीवर क्रूस काढला आणि पुढच्या क्षणी टब अंगणात आडवा केला. "अरे देवा! आणि मी आठ दिवस रोज पाणी वाढवतेय, ऐसपैस पोहू दे म्हणून!"

"आणि हा पाव?"

"दुधात भिजवून. माझा युजीन ह्याच्यावरच वाढला."

त्यानंतर पिल्लांना कोरड्या मातीत ठेवणं, त्यांच्यासाठी जास्वंदीची पानं तोडणं, चहा, चहाबरोबर वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी आणि सुकेळीबरोबर युजीनच्या पहिलीपासूनच्या हकिकती, यात दोन तास गेले. निघताना रोझमेरींनी विचारलं, "मग घेताय ना?"

"विचार करून सांगतो."

"या की विचार करून. बुधवारी मी घरीच असते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "तशी बाकीचे दिवसही असते."

संध्याकाळी गॉडफ्रेंनी रिपोर्ट पाठवला : 'प्रथमदर्शनी चार कासवे आढळली. जातीबाबत खात्री होणे बाकी. फेरभेट प्रस्तावित.'

"अंकल, पाठीवर चांदण्या होत्या की नव्हत्या?"

"होत्या. पण उजेड पुरेसा नव्हता."

फाइल कशी निकालात काढायची हे सरकारी नोकरीत कोणीही शिकतं. ती कशी अडकवून ठेवायची, हे फक्त हेडक्लार्कला येतं. दुसऱ्या बुधवारनंतर गॉडफ्रेंनी लिहिलं, 'मोजमाप करणे आवश्यक.' तिसऱ्या बुधवारनंतर, 'मोजमापात तफावत.' चौथ्यानंतर, 'विक्रेतीचा हेतू अद्याप अस्पष्ट.' मधल्या काळात त्यांनी आंब्याच्या पेटीत मातीचं घर करून दिलं, सकाळचं ऊन कुठं पडतं ते पाहून पेटीची जागा ठरवली, आणि कवच मऊ पडू नये म्हणून कळंबच्या किनाऱ्यावर दोन तास हिंडून माकूळ माशाचं पांढरं हाड शोधून आणलं. पिल्लं ते कुरतडायला लागली. तीन चांगली तरतरीत झाली. चौथं, सगळ्यांत लहान, तेवढं मागे राहिलं.

एकच गोष्ट गॉडफ्रेंना खुपत होती. बाई दर बुधवारी भाव वाढवायच्या. गेल्या खेपेला तर एका पिल्लाला सेकंडहँड स्कूटरची किंमत सांगितली. इतकी देवभोळी बाई आणि इतकी हावरी कशी, असं वाटून त्यांना वाईट वाटायचं. मग पुढच्या बुधवारपर्यंत ते विसरून जायचे.

पाचव्या आठवड्यात ॲनिशाचा फोन आला. आवाज एकदम चढलेला.

"अंकल, विरारच्या ग्रुपकडून खबर आलीय! त्या बाईकडे दर बुधवारी एक मोठं गिऱ्हाईक येतं. पांढरी टोपी, निळी स्कूटर. दोन-दोन तास बसतो तो माणूस. माल पुढं मुंबईला बहुतेक तोच पाठवतो. तुम्हाला कधी दिसला?"

गॉडफ्रेंनी डोक्यावरची टोपी हळूच काढून टेबलावर ठेवली.

"नाही बुवा. आमच्या वेळा जुळत नसाव्यात."

"त्याच्यावर लक्ष ठेवा."

"ठेवतो."

आणि ठेवलंही. चौतीस वर्षांची सवय. त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून पाठवलं, 'सदर इसम वयस्कर असून निरुपद्रवी वाटतो.'

"असेच लोक डेंजर असतात, अंकल! तिथून तो कुठं जातो?"

"सरळ घरी. एकटाच राहतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चालण्यावरून," गॉडफ्रे म्हणाले.

सहाव्या बुधवारी स्कूटरचा आवाज ऐकूनही रोझमेरी ओट्यावरून उठल्या नाहीत. सगळ्यांत लहान पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं. डोळे सुजून मिटलेले, नाकाशी बारीक बुडबुडे.

"कालपासून पानाला तोंड लावत नाही," त्या म्हणाल्या. "काहीही करा, पण हे माझ्या हातात मरायला नको."

गॉडफ्रेंनी मागचापुढचा विचार न करता व्हिडिओ काढून ॲनिशाला पाठवला. लगेच फोन वाजला.

"न्यूमोनिया आहे, अंकल. आज हलवलं तरच वाचेल. पण खात्यामार्फतच न्यावं लागेल, आणि मग चारही जातील. मी कळवू का? तुम्ही हो म्हणायची वाट बघतेय."

गॉडफ्रेंनी ओट्याकडे पाहिलं. दोन कप धुऊन पालथे घातलेले होते. एकदा हो म्हटलं की ह्या घरात यायला काही कारण उरणार नव्हतं. पुढच्या बुधवारी दाढी कशासाठी करायची? सहा आठवडे फाइल अडवून धरली, शेरे मारले, पण खरं कारण कुठल्याच शेऱ्यात लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी काय, की अर्जदारास बोलायला माणूस हवे आहे? पिल्लाच्या नाकाशी आणखी एक बुडबुडा आला.

"कळव," ते म्हणाले.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि रोझमेरींना सगळं सांगितलं. आपण गिऱ्हाईक नाही, आपल्याला पाळतीवर पाठवलं होतं, आता फॉरेस्टवाले येतील. रोझमेरींनी हातातल्या पिल्लावरची नजर काढली नाही.

"काहीतरी आहे हे मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यावर उन्हात हिंडून खाऊ आणणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलं नाही."

मग दोघं गाडीची वाट बघत बसले. चहाही झाला नाही.

वनपाल ज्ञानदा गायकर मॅडम तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी आधी आजारी पिल्लू मऊ फडक्यात गुंडाळून डॉक्टरांकडे रवाना केलं. मग ओट्यावर बसून पंचनाम्याचे कागद काढले. मातीची पेटी पाहून त्या चकित झाल्या. आम्ही छापे घालतो तिथं कासवं पिशव्यांत कोंबलेली सापडतात, म्हणाल्या. मग त्यांनी फोनवर जाहिरात उघडली.

"आजी, हा भाव काय लावलाय? आणि दर आठवड्याला वाढलाय! एवढ्याला कोण घेणार?"

"कोणी घेऊच नये म्हणून."

"मग जाहिरात काढून टाकायची ना!"

रोझमेरींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काढली असती तर हे आले नसते."

मॅडमनी पेन थांबवलं. गॉडफ्रे केळीच्या झाडांकडे पाहत राहिले. सहा आठवडे ज्या बाईला आपण हावरी समजलो, तिनं दर आठवड्याला भाव चढवून आपल्यालाच अडवून ठेवलं होतं, हे त्यांना आता कळत होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मला पंच लागेल. काका, तुम्ही आहातच. पंच त्रयस्थ हवा. ह्या आजींचे तुम्ही कोणी लागत नाही ना?"

बरोबर उत्तर हेडक्लार्कला पाठ होतं. 'कोणी नाही.' सही करायची, स्कूटर काढायची, घरी जायचं. उत्तर खोटंही नव्हतं. पण गेली तीन वर्षं कुठल्याही फॉर्मवर ते हेच लिहीत आले होते : घरात आणखी कोण, कोणी नाही; अडीअडचणीला कोणाला कळवायचं, कोणी नाही. आज ते म्हणायला जीभ उचलेना.

"लागतो," ते म्हणाले.

"कोण लागता?"

"ते अजून ठरायचंय. पण त्रयस्थ नाही."

रोझमेरींनी झटकन वर पाहिलं.

"काका, विचार करा. मग तुमचंही नाव यात येईल. तक्रारीतल्या एका पांढऱ्या टोपीवाल्या इसमाला आम्ही शोधतोच आहोत."

"सापडला," असं म्हणून गॉडफ्रेंनी टोपी डोक्यावर घातली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. पंच म्हणून शेजारच्या वाडीतून दोन माणसं आणवली, कागद पुरे केले आणि फर्मान सोडलं, "सोमवारी अकरा वाजता दोघांनी ऑफिसात हजेरी लावायची. चौकशी संपेपर्यंत दर सोमवारी. चुकवायची नाही."

"किती दिवस चालेल?" गॉडफ्रेंनी विचारलं.

"काय सांगू? साहेबांची बदली झालीय. नवे साहेब आले की सगळं पहिल्यापासून."

दुसरा कोणी असता तर खात्याच्या नावानं बोटं मोडली असती. गॉडफ्रे म्हणाले, "काही घाई नाही, मॅडम. सावकाश होऊ द्या."

शनिवारी ॲनिशाचा निरोप आला : लहान्यानं डोळे उघडले, अर्धं पान खाल्लं. टोपीवाला कोण हे कळल्यावर तिनं त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तो याच निरोपानं संपला. गॉडफ्रेंनी तो वाचला आणि तसाच वटारला फोन लावून वाचून दाखवला. पलीकडून बराच वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग रोझमेरी म्हणाल्या, "जास्वंदीचंच होतं ना पान?"

सोमवारी हजेरी अकराची. माणिकपूरहून वटार स्कूटरनं फार तर अर्धा तास, आणि तिथून ऑफिस आणखी तेवढंच. पण रस्त्यात पंक्चर झालं तर, असा दूरदर्शी विचार करून गॉडफ्रे साडेसातलाच वटारला पोचले. आता वाडीबाहेर थांबून वेळ काढावा, असं मनाशी म्हणत होते, तोच त्यांना फाटक दिसलं. नाताळात नेसायची साडी नेसून, हातात चहाचा थरमास घेऊन रोझमेरी फाटकात उभ्या होत्या.

"अहो, हजेरी अकराला आहे," गॉडफ्रे म्हणाले.

"मला माहीत नाही होय?" त्या म्हणाल्या. "साडेसहापासून उभी आहे मी. किती उशीर करायचा माणसानं!"