गोल व आमच्या गिरणीत

प्रौढांच्या इंग्रजी वर्गातला प्रत्येक आवाज आठ दिवस विद्यार्थ्याच्या घरी राहायला येतो. आई त्या वर्गाला जाते, म्हणून जूनमध्ये आमच्याकडे ओठ गोल करून काढायचा 'व' हा आवाज आला. त्याला सगळे गोल व म्हणतात.

मी शाळेतून आले तेव्हा तो दारात उभा होता. हातात कापडी पिशवी, तिच्यात त्याचे बारा शब्द आणि वर्ग घेणाऱ्या उंबरजे सरांची चिठ्ठी. आवाजाने चांगला शेरा दिला आणि तो वर्गात परत पोचला, तरच आईला प्रमाणपत्र मिळणार होतं. प्रमाणपत्र असेल तरच बचत गट आईला बेंगळुरूच्या प्रदर्शनाला पाठवणार होता. आई अजून सोलापूरच्या पुढे गेलेली नव्हती.

आमची पिठाची गिरणी आहे. तिच्या मागे घर.

"इथे फार गलका आहे," गोल व म्हणाला.

"सवय होईल. चहा घेता?" आई म्हणाली. "याआधी कुणाकडे होतात?"

"भोसेकर कंडक्टरांकडे. दिवसभर मला तोंडातून काढत बसायचे. ऐकलं एकदाही नाही." त्याने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "मला ऐकल्याशिवाय एकही शब्द बाहेर काढणार नाही."

तीन दिवस आई ओठ गोल करत राहिली. ती पीठ फुंकतेय असं वाटून गिऱ्हाईकं मागे सरकायची. पिशवी बंदच होती.

चौथ्या दिवशी ज्वारी दळताना आई एकदम थांबली.

"आत्ता बोललात तुम्ही. पट्ट्याच्या आवाजाखाली."

जरा वेळाने पट्ट्याखालून पुन्हा एक व ऐकू आला. आई म्हणाली, "आणि हा तुम्ही नव्हता. हा आपला रोजचा मराठी व. मला फसवताय होय?"

"कसं कळलं?"

"दगड झिजून त्याला टाकी लावायची वेळ झाली की मला घरात भाकरी थापताना आवाजावरून कळतं. तुम्ही तर शेजारी बसलाय."

त्याने बाराही शब्द बाहेर काढले. वॉटर, विंडो, वर्क वगैरे रांगेने डब्यांवर बसले. संध्याकाळपर्यंत आईला सगळे ओळखू येत होते.

आठव्या दिवशी उंबरजे सर न्यायला आले. शेरा उत्तम होता, पण गोल व उठेना.

"मी इथेच राहणार," तो म्हणाला.

"असं कसं? पुढे मोमीन टेलर वाट बघतायत," सर म्हणाले. "आवाज वर्गात परत आला नाही तर प्रमाणपत्र देता येत नाही, ताई. तुम्हीच सांगा त्यांना."

"पाहुण्याला जा म्हणू?" आई म्हणाली. "आणि सर, मला बेंगळुरूलाही जायचंय."

गिरणी चालूच होती.

"वर्गच इथे आणला तर?" मी म्हटलं.

"कोण बोललं?" सरांनी इकडेतिकडे पाहिलं.

"ही," गोल व म्हणाला.

सरांनी नियमांची वही काढून दोनदा वाचली. वर्ग कुठे भरवावा, याबद्दल तिच्यात काही नव्हतं. तेव्हापासून वर्ग आमच्याकडे भरतो. विद्यार्थी दळण घेऊनच येतात.

ऑगस्टमध्ये आई पाच दिवस बेंगळुरूला गेली. तेवढे दिवस गिरणी गोल व ने चालवली. बाजरी जाड आली, अशी मोमीन टेलरांची एकच तक्रार होती. त्यांना ती पुन्हा दळून दिली.