मॉरिशस, व्हाया चाकण

“मॉरिशसला मी नाही जायचं, तर काय आपल्या कँटीनच्या आचाऱ्यानं जायचं?” असं म्हणून मुकुंदानं टायची गाठ इतकी आवळली की त्याचा आवाजच बंद झाला! अरुंधतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गाठ सैल केली तेव्हा कुठं पुढचं वाक्य बाहेर आलं. “चल, फोटो काढून येऊ!”

गोष्ट एकोणऐंशी सालची. मुकुंद पिंपरीच्या एका पंपांच्या कारखान्यात असिस्टंट इंजिनिअर होता. तिथले तीन पंप मॉरिशसच्या एका साखर कारखान्यानं घेतले होते आणि त्यातला एक रुसून बसला होता. आठ दिवसांसाठी माणूस पाठवा, अशी तार आली. कंपनीनं चौघांचे पासपोर्ट आधीच काढून ठेवले होते. पण ड्रॉइंग मुकुंदाचं, इंग्रजी मुकुंदाचं. आता ऑर्डर टाइप व्हायची तेवढी राहिली होती!

खरं सांगायचं तर मुकुंदाला मॉरिशसपेक्षा तळेगावची घाई होती. तळेगावला त्याचा साडू राहायचा, नंदकिशोर. हा गृहस्थ गेल्या वर्षी तीन आठवडे जर्मनीला जाऊन आला आणि तेव्हापासून त्याला इथलं काही पटेनासं झालं. बारशाला गेला तरी, “जर्मनीत पाळणे असे नसतात!” तो निघाला तेव्हा पेपरात ‘परदेशगमन’ या मथळ्याखाली त्याचा टाय लावलेला फोटो आला होता आणि खाली शुभेच्छुकांची ही लांबलचक यादी. पद्मजानं, म्हणजे अरुंधतीच्या बहिणीनं, ते कात्रण फ्रेम करून देवघराच्या वर टांगलं होतं. नमस्कार करावा देवाला आणि तो पोचावा नंदकिशोरला! वर्षभर मुकुंदाच्या पोटात ते कात्रण जळत होतं.

म्हणून सोमवारीच त्यानं पेपरात फोटो देऊन टाकला. बुधवारी ऑर्डर निघाली. साहेबरावच्या नावाची!

साहेबराव फिटर. देहूरोडहून सायकलनं यायचा, शिक्षण सातवी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून पंपाचं दुखणं सांगायचा. मुकुंद तडक मॅनेजर अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये घुसला.

“सर, त्याला इंग्रजीचा गंध नाही!”

“पंपाला तरी कुठं आहे?” असं म्हणून अण्णासाहेबांनी फायलीत डोकं घातलं.

मुकुंद जळून खाक झाला. साहेबराव शीळ घालत गेला तरी त्याला राग यायचा, गप्प गेला तरी यायचा. त्यातच दुपारी युनियनचा कोंडाजी एक कागद घेऊन हजर!

“साहेब, साहेबरावच्या अभिनंदनाचं हाय. त्यो पंप चालू करून आला की पेपरात द्यायचं. वाचून दाखवतो...”

“काही वाचू नकोस!”

वर साहेबरावचं नाव दिसताच मुकुंदानं डोळे मिटले, सही ठोकली आणि कागद परत सरकवला. हुद्दा सगळ्यांत मोठा, म्हणून सहीही पहिली.

संध्याकाळी तो धापा टाकत पेपरच्या कचेरीत पोचला, तर पान मशीनवर चढलेलं! गुरुवारी सकाळी टायसकट मुकुंद घरोघर जाऊन पडला. ‘रविवारी मॉरिशसला प्रयाण.’ दुपारी नंदकिशोरचा निरोप आला, “स्टेशनवर पोचवायला येतोय.”

“अहो, खरं सांगून टाका ना,” अरुंधती म्हणाली.

“नंदकिशोरला? त्यापेक्षा मी मॉरिशसला पोहत जाईन!”

शेवटी बेत ठरला. रविवारी बॅग घेऊन लोकलमध्ये बसायचं, देहूरोडला उतरायचं आणि आठ दिवस चाकणला मारुतरावाकडे लपायचं. मारुतराव त्याचा शाळासोबती, कांद्याचा आडत्या. कंपनीत तापाची चिठ्ठी अरुंधतीनं द्यायची.

रविवारी चिंचवड स्टेशनवर नंदकिशोर आणि पद्मजा हार-नारळ घेऊन उभे होते. आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ताशा वाजत होता! अख्खी फर्स्ट शिफ्ट साहेबरावला पोचवायला लोटली होती. त्याच्या गळ्यातले हार कानाला लागले होते. मुकुंदाच्या गळ्यात एकच, तोही कालचा.

“हे कोण?” नंदकिशोरनं विचारलं.

“हा... माझ्या हाताखालचा. बरोबर येतोय,” मुकुंदाच्या तोंडून निघून गेलं.

साहेबरावनं ते ऐकलं. क्षणभर मुकुंदाकडे बघितलं, मग पेपरातला फोटो आठवला असावा. “व्हय तर!” तो म्हणाला. “साहेब डोकं, आमी नुसते हात!” आणि त्यानं मुकुंदाची बॅगही उचलली. मुकुंदाला खरं तर त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. पण त्याची नजर त्या हारांवरून हलेना.

लोकल सुटली. नंदकिशोर आणि पद्मजाही तळेगावला परतणार, म्हणून तेही याच डब्यात, याच बाकासमोर! देहूरोड आलं. नंदकिशोर विमानात पट्टा कसा बांधायचा ते मुकुंदाच्याच पोटावर दाखवत होता. देहूरोड गेलं. तळेगाव आलं, मुकुंदानं सुटकेचा श्वास घेतला, आणि नंदकिशोरनं एकट्या पद्मजाला उतरवलं!

“लोणावळ्यापर्यंत येतो, मुकुंदराव. जर्मनीत माणसं अशी अर्ध्यावर सोडत नाहीत!”

लोणावळ्याला त्यानं स्वतःच्या हातानं मुकुंदाला मुंबईच्या गाडीत कोंबलं आणि गाडी हलेपर्यंत दार अडवून उभा राहिला. पुढचं स्टेशन एकदम घाटाखाली, कर्जत!

घाटात साहेबरावनं फडकं सोडून भाकरी-ठेचा काढला आणि अर्धी भाकरी मुकुंदापुढं केली.

“साहेब, तुमीच जायला पाहिजे हुतं. मला लई भ्या वाटतंय.”

“मग मी जातो की!” मुकुंद ताडकन उठला.

“पर त्यो पंप मला वळखतो ना,” साहेबराव म्हणाला.

कर्जतहून उलटा प्रवास करत मुकुंद चाकणला पोचला. मारुतरावानं मैत्री निभावली, पण फुकट नाही. “बसून काय करतोस राव? कांदे निवड!” आठ दिवस मुकुंद उन्हात बसून कांदे निवडत होता. डोळ्यांना धार लागायची. “कांदा हो,” असं तो सांगायचा. निम्मं पाणी मॉरिशसचं होतं.

आठ दिवसांनी तो काळाकुट्ट होऊन घरी आला. दोनच दिवसांत साहेबराव दारात उभा राहिला. हातात लाकडी पक्षी, चोच वाकडी, पोट सुटलेलं.

“तुमच्या साडूंसाठी. मॉरिशसहून येऊन रिकाम्या हातानं कसं जाणार?”

“समुद्र कसा होता रे?” मुकुंदानं कसनुसं विचारलं.

“इमानातून दिसला तेवढाच. मग पंपाच्या खड्ड्यात उतरलो त्यो पंप चालू झाल्यावरच वर आलो.”

खड्डा तर खड्डा, पण मॉरिशसचा! मुकुंदाला त्या खड्ड्याचाही हेवा वाटला.

रविवारी स्वारी तळेगावला. काय तो थाट! पद्मजा रंग बघून थक्क झाली. “जिजाजी, केवढं ऊन असतं हो तिकडं!” नंदकिशोरनं एकदोनदा नाक वर करून हुंगलं. “मॉरिशसला कांदा फार खातात वाटतं?”

“समुद्री हवा!” मुकुंद म्हणाला. “आणि काय हो, तिकडे पाळणे असे नसतात!”

लाकडी पक्ष्यानं तर बाजी मारली. पद्मजा खुर्चीवर चढली आणि जर्मनीचं कात्रण डावीकडं सरकवून तिनं मॉरिशसच्या कात्रणासाठी शेजारी खिळा ठोकला. मुकुंदाचे डोळे भरून आले. या वेळी कांदा नव्हता!

नंदकिशोरला ते बघवेना. त्यानं सकाळचा पेपर तोंडासमोर धरला. बराच वेळ पान उलटलं नाही. मग तो मोठ्यानं वाचायला लागला.

“‘अभिनंदन! मॉरिशसला एकट्यानं जाऊन, कुणाचीही मदत नसताना बंद पंप चालू करून आल्याबद्दल साहेबराव यांचं हार्दिक अभिनंदन!’ अहो, फोटोत तुमच्या हाताखालचाच दिसतोय!”

मुकुंदानं हात झटकला. “छे! एकट्यानं? हे पेपरवाले काहीही छापतात! आणि असला खोटा मजकूर देणारे तरी कोण?”

नंदकिशोरचं बोट सावकाश खाली सरकलं.

“शुभेच्छुक,” त्यानं वाचलं. “पहिलंच नाव तुमचं आहे, मुकुंदराव.”

खिळा वाया गेला नाही. नंदकिशोरनं ते अभिनंदनाचं कात्रण फ्रेम करून तिथं टांगलं. “तुमचंही नाव आहेच की त्यात!” असं म्हणाला. तेव्हापासून मुकुंद तळेगावला गेला की देवाला बाहेरच्या खोलीतूनच हात जोडतो.