गुलाबभाऊंचं आळशी पाणी

गुलाबभाऊंपुढे पिठलं वाढलं, की ते आधी वाटी तिरकी करत. काठावरून ते किती खाली लोंबतंय हे डोळे बारीक करून पाहत आणि मग निकाल देत, "जीभ काढून राह्यलं. अजून शिजाले पाह्यजे होतं." माझ्या बायकोने हौसेने पाठवलेलं पिठलं त्यांनी असं कितीदा तरी नापास केलं. दही, खीर, लग्नातली कढी, कशाचीच सुटका नव्हती. कढी बिचारी दरवेळी नापास व्हायची.

त्यांचाही इलाज नव्हता. गुजरातेतल्या तेलाच्या विहिरींवर उभी हयात त्यांनी हेच केलं होतं. जेल कालवायचं, बाटलीत भरायचं, बाटली आडवी करायची आणि आतल्या जेलची जीभ बाहेर लोंबली, की साहेबाला सांगायचं, अजून कच्चं आहे. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर एक ट्रंक आणि थलथलीत जेलची एक बरणी घेऊन ते राळेगावजवळच्या आमच्या गावात, माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत परत आले. बरणी देवांच्या शेजारी ठेवली. उदबत्ती दोघांना मिळून एकच लागे.

"पानी लय आळशी असते गा," हे त्यांचं लाडकं वाक्य. जमिनीखालचं तेल तळ्यासारखं साठलेलं नसतं. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं ते दगडात मुरलेलं असतं. ते ढकलायला एका विहिरीतून पाणी सोडतात. पण पाण्याला एखादी भेग सापडली, की ते तिच्यातूनच पळतं आणि पलीकडच्या विहिरीतून नुसतं पाणी वर येतं. तेल राहतं कोपऱ्यात बसून. "मंग आपन भेगीत जेल सोडतो. जातानी पान्यावानी पातळ, तिथं जाऊन बसलं का घट्ट. आता जाय म्हना पान्याले कुठून जाते त!" मग पाणी झक मारत दगडातून वाट काढतं आणि अडकलेलं तेल पुढे रेटतं.

हे शास्त्र ते कुठेही लावत. पंगतीत वाढपी मधल्या मोकळ्या जागेतून सरळ पुढे जातात आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांची पानं कोरडी राहतात. गुलाबभाऊ नेमके त्या मोकळ्या जागेत मांडी ठोकून बसत. वाढपी चरफडत कोपऱ्याने फिरत आणि म्हाताऱ्यांना बुंदी मिळे. एकदा नवरीच्या मामाने त्यांना उचलायचा प्रयत्न केला. भाऊ हलले, पण सरकले नाहीत.

इथपर्यंत गंमत होती. पण एका सकाळी त्यांनी माझ्याच वाटेत जेल सोडलं.

मी तेव्हा राळेगावच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो. सायकलीने फाट्यावर जायचं आणि एसटी पकडायची. जवळची वाट गुलाबभाऊंच्या खळ्यातून होती आणि सगळा गाव तिथूनच जायचा. लांबची वाट त्यांच्या धाकट्या भावाच्या, शंकरच्या घरावरून होती. शंकर त्याच वर्षी गेला. कापसाची ती वर्षं अशी होती, की कोणी कसा गेला हे आमच्याकडे विचारत नसत. मागे त्याची बायको सुमन एकटी राहिली. तेरवीपर्यंत माणसांची रीघ होती. नंतर तिच्याशी काय बोलावं हे कुणाला सुचेना आणि ज्याला त्याला जवळची वाट बरी वाटू लागली.

गुलाबभाऊंनी खळ्याच्या दोन्ही तोंडांना बोराटीचे काटे रचले. पहिल्याच दिवशी माझी एसटी चुकली. मी भांडायला गेलो, तर म्हणाले, जेल टाकलं की आधी पंपाचं प्रेशर चढतंच, सगळे बोंबलतातच, जरा थांबावं लागतं. सरपंचांनाही त्यांनी हेच ऐकवलं. खळं त्यांच्या मालकीचं, त्यामुळे कोणाचं काही चालेना.

गाव कुरकुरत लांबच्या वाटेने जाऊ लागला. सुमन ओट्यावर वाती वळत बसलेली असे. आधी लोक मान खाली घालून जात. पण रोज माणसासमोरून मुकाट्याने जाणार तरी कसं? कोणी जेवण झालं का विचारलं, कोणी प्यायला पाणी मागितलं. वेचणीला निघालेल्या बाया ओट्यावर टेकू लागल्या. एकदा नेमकी तिच्या दारात माझ्या सायकलची चेन पडली. तिने हात पुसायला फडकं दिलं आणि माझं काळं झालेलं नाक बघून हसली. शंकर गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी गुलाबभाऊंना हे सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. खरंच हसली का, मोठ्याने हसली का, नाक किती काळं होतं. मी विचारलं, इतकी काळजी आहे तर तुम्हीच का जाऊन बसत नाही तिच्याकडे? त्यांनी देवांशेजारची बरणी उचलून आडवी केली आणि पुन्हा सरळ ठेवली.

"भासरा हाय गा मी तिचा. धाकट्या भावाच्या बायकोसमोर भासरा बसत नाही, बोलत नाही. ते तिथं एकटी, मी इथं एकटा. मंग दुसऱ्यायलेच पाठवा लागते नं."

चुकलेल्या एसटीचा माझा सगळा राग तिथेच संपला.

पुढे एक दिवस कामावरून परतताना सुमनने मला थांबवलं. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने एक झाकलेली वाटी माझ्या हातात दिली. "भासऱ्यायले द्या. अन् म्हना, खळ्यातले काटे इतक्यात काढू नका."

मी वाटी आणि निरोप दोन्ही पोचवले. गुलाबभाऊंनी झाकण काढलं. आत पिठलं होतं आणि चांगलंच पातळ होतं. आता हे वाटी तिरकी करणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी ती दोन्ही हातांनी अगदी सरळ धरली, सांडेल म्हणून जपून तोंडाला लावली आणि सगळं पिठलं संपवलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या मिरचीच्या नव्हत्या.

"पक्कं जमलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तिले सांगजो."