कपाट एक, पाचवा मजला

साहेबांनी सोमवारी सकाळी कागद चिकटवला तो नेमका लिफ्टकाकांच्या डोक्यामागे, त्यामुळे तो वाचायला येणारा प्रत्येक माणूस आधी काकांच्या तोंडाकडे बघायचा. कागदावर लिहिलं होतं की मुख्य कार्यालयाच्या आदेशावरून आरोग्य योजना सुरू होत आहे. तीन महिने सर्वांनी जिन्याने ये-जा करावी. वर पोचल्यावर प्रत्येकाला एक ताजं फळ मिळेल. लिफ्ट फक्त सामानासाठी चालेल आणि सामानाची नोंद वहीत होईल. तीन महिन्यांनी डॉक्टरबाई तपासणी करतील आणि योजनेचा उपयोग झालेला दिसला, तर लिफ्ट कायमची बंद करण्यात येईल.

शेवटचं वाक्य काकांनी तीनदा वाचलं. लिफ्ट बंद म्हणजे लिफ्टवालाही बंद, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. सव्वीस वर्षं ते त्या लिफ्टमध्ये एकाच स्टुलावर बसले होते. स्टुलावरची गादी काकूंनी चार वेळा बदलली होती, स्टूल तेच होतं. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

इमारत जुनी. मधोमध जाळीची लिफ्ट आणि तिच्याभोवती वळत वर गेलेला जिना. लिफ्टमधून कोण चाललंय हे जिन्यावरच्याला स्पष्ट दिसणार आणि जिन्यावर कोण धापा टाकतंय हे लिफ्टमधल्याला. पूर्वी सगळे मजले माणसांनी भरलेले असायचे. आता खालच्या पाच मजल्यांवर गोदामं आणि जुन्या फायली, आणि कार्यालय तेवढं सहाव्यावर. माणसं दहा. दहा माणसांना लिफ्टवाला कशाला, हा प्रश्न मुख्य कार्यालयाला पडू नये म्हणून काका रोज बटणं पुसून लख्ख ठेवायचे. तरी पडलाच.

त्याच दिवशी डॉक्टरबाई येऊन सगळ्यांचं वजन आणि रक्तदाब लिहून घेऊन गेल्या. हजेरीपत्रकावर नाव होतं म्हणून काकांचंही झालं. बाईंनी आकडे बघितले आणि चष्मा वर सरकवला.

"काका, तुम्ही रोज किती मजले चढता?"

"दोनशे तरी होत असतील, बाई."

"बसून ना?" बाई म्हणाल्या. "चालत जा जरा. आणि फळं खा."

काकू हेच दहा वर्षं सांगत होत्या. रोज डब्यात एक फळ ठेवायच्या आणि काका ते रोज गोदामाच्या रखवालदाराला द्यायचे. रखवालदाराची तब्येत उत्तम होती.

संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं, तेव्हा काकूंना त्यात वाईट काय ते कळेना. लोक जिने चढतील, फळं खातील, चांगल्या होतील तब्येती. "अगं, त्यांच्या तब्येती सुधारल्या की माझी नोकरी जाणार," काका म्हणाले. एवढं होऊनही जेवण नेहमीइतकंच गेलं, याचंही त्यांना वाईट वाटलं. झोपण्यापूर्वी ते हात जोडून उभे राहिले, पण दहा माणसांच्या तब्येती आहेत तशाच राहू देत, असं मागणं बरं दिसेना. म्हणून नुसतेच उभे राहिले.

मागणं न मागताच पोचलं असावं. चौथ्या दिवशी सकाळी साहेब लवकर आले, इकडेतिकडे बघितलं आणि लिफ्टच्या जाळीला नाक लावलं. त्यांचा गुडघा दुखत होता. फक्त आजचा दिवस, असं ते म्हणाले.

"साहेब, वहीत काय लिहू?" काकांनी विचारलं. "सामान म्हणून लिहावं लागेल."

साहेबांनी थोडा विचार केला. "कपाट लिहा."

मग दोघांनी मिळून बेत ठरवला. साहेबांनी तळमजल्यावर लिफ्टचा दिवा घालवून आत उभं राहायचं. काकांनी जिन्याने पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन वाटेत कुणी नाही ना ते बघायचं, परत खाली यायचं आणि साहेबांना पाचव्यावर सोडायचं. तिथे जुन्या फायलींची एकच खोली होती, माणूस नसायचा. शेवटचा मजला साहेब चालत जाणार, म्हणजे वर पोचताना थोडी धापही लागलेली दिसेल. काका धडपडत पाच मजले चढले, कठड्याला धरून उभे राहिले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तसेच खाली आले. वहीत लिहिलं: कपाट एक, पाचवा मजला. साहेबांनी संध्याकाळी आपल्या वाट्याचं सफरचंद काकांच्या हातात ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही फक्त आजचा दिवस होता.

पुढच्या आठवड्यात हेडक्लार्क आले. त्यांची कंबर धरली होती. त्यांनी स्वतःला फायलींचा गठ्ठा म्हणून लिहवून घेतलं. मग टायपिस्टबाई आल्या. त्या म्हणाल्या, "काहीही लिहा काका, फक्त जड काही लिहू नका." काकांनी लिहिलं, टेबलफॅन एक. महिना संपेस्तोवर आठ माणसं लिफ्टने जायला लागली, आणि प्रत्येकाची ठाम समजूत होती की लबाडी करणारे आपण एकटेच. उरलेले दोघे जिन्याने चढायचे, पण ते मुळातच काडीसारखे होते.

काकांना आता बसायला सवड मिळेना. प्रत्येक सामानामागे पाच मजले वर, पाच मजले खाली. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. सामान एकमेकांना दिसता कामा नये. एकदा टेबलफॅन लिफ्टमध्ये अंधारात उभा असताना कपाट जेवून लवकर परतलं. काकांनी कपाटाला गोदामात खोक्यांमागे बसवलं, तोवर फायलींचा गठ्ठा दारात दिसला, त्याला रखवालदाराच्या खोलीत ढकललं, आणि मग जिना बघायला धावले. त्या दिवशी ते दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

फळांचा वेगळाच ताप होता. आठ जण आपापलं फळ गुपचूप आणून द्यायचे. केराच्या टोपलीत टाकावीत तर उघडकीला येणार, घरी न्यावीत तर काकूंना उत्तरं द्यावी लागणार. रखवालदारानेही दोन आठवड्यांनी हात जोडले. शेवटी काकांनी ती खायला सुरुवात केली. तसंही चहा-बिस्किटांना वेळ नव्हता. चढताना केळं, उतरताना संत्रं, असा क्रम पडून गेला.

दर शनिवारी साहेब सर्वांना जमवून जिन्याचे फायदे सांगायचे. मुख्य कार्यालयालाही ते दर आठवड्याला कळवायचे की आमच्याकडे शंभर टक्के लोक चढतात. हेडक्लार्क म्हणायचे, हल्ली झोप शांत लागते. टायपिस्टबाई म्हणायच्या, फळांनी आपल्याला फार हलकं वाटतं. काका दाराशी उभे राहून ऐकायचे आणि मनोमन खूश व्हायचे. या मंडळींच्या तब्येती सुधारायची सुतराम शक्यता नव्हती. डॉक्टरबाई येतील, आकडे बघतील, योजना गुंडाळतील आणि आपलं स्टूल शाबूत राहील.

घरी मात्र काकू काळजीत पडल्या होत्या. दोन पँटी कमरेत आत घेऊन झाल्या होत्या आणि तिसरी पुन्हा ढगळ झाली होती. एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन काका चार जिने न थांबता चढले आणि वर दम न खाता दार वाजवलं, तेव्हा तर काकूंना राहवेना.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला काही होतंय का?"

"मला काय होणार?"

"नोकरीची काळजी लावून घेतलीय तुम्ही. माणूस आतून झिजतो असा." काकूंचे डोळे भरून आले होते. काकांनाही गलबलून आलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक संत्रं काढून काकूंना दिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी काकूंना फळ दिल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्या आणखीच घाबरल्या.

तीन महिने झाले आणि डॉक्टरबाई आल्या. जिन्याने आल्या, न थांबता. एकेकाला काट्यावर उभं केलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडे लिहिले. काका शेवटचे. ते काट्यावर चढले, बाईंनी आकडा बघितला, त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. मग काटा तपासायला स्वतः उभ्या राहिल्या. काटा ठीक होता.

"नऊ किलो उतरलंय," बाई म्हणाल्या. "रक्तदाब अगदी तरण्या माणसासारखा. काय केलंत काका?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आपणही या हजेरीपत्रकावर आहोत, हे ते तीन महिने साफ विसरले होते.

"काही नाही बाई. सामान असायचं."

लिफ्टची सामानाला खरंच गरज आहे का, हेही बाईंना बघायचंच होतं. त्यांनी वही मागवली. साहेबांना एकदम घाम आला, आणि तो जिन्याचा नव्हता. बाईंनी पानं उलटली. खोलीत सगळे आपापल्या नखांकडे बघत होते.

"तीन महिन्यांत पाचव्या मजल्यावर एकशे अकरा कपाटं गेली," बाई म्हणाल्या. "नव्वद फायलींचे गठ्ठे, चौऱ्याऐंशी टेबलफॅन. मी आत्ताच पाचव्यावरून आले. तिथे एक खोली आहे. आणि यातलं काहीच खाली आलेलं दिसत नाही."

खाली उतरायला सगळे जिनाच वापरायचे. उतरताना कुणाचे गुडघे दुखत नसत.

बाईंनी वहीतली कपाटांची तारीखवार वेळ बघितली, साहेब हजेरीवर सही करतात ती वेळ बघितली, मग साहेबांच्या तपासणीचा कागद हातात घेतला.

"कपाटाचं वजन दोन किलोंनी वाढलंय, साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

टायपिस्टबाईंनी चमकून साहेबांकडे बघितलं, साहेबांनी हेडक्लार्ककडे, हेडक्लार्कनी टायपिस्टबाईंकडे, आणि तीन महिने एकट्याने वाहिलेलं पाप आठ जणांत वाटलं जाऊन सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. काकांना तेवढं वाटलं नाही. आता नोकरी जाणार, आणि तीही खोट्या नोंदींसाठी, हे त्यांना दिसत होतं.

बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी तिथेच बसून अहवाल लिहिला. योजनेचा उपयोग होतो हे एका कर्मचाऱ्यावरून सिद्ध झालं आहे. इतर आठ जणांना झालेला नाही, कारण त्यांनी ती पाळलेली नाही. तरी लिफ्ट आजपासून कायमची बंद करावी. साहेब काहीतरी बोलणार होते, पण शंभर टक्क्यांची बारा पत्रं बाईंच्या फायलीत वरच होती. साहेब अहवालाखाली सही करून मोकळे झाले.

काका मान खाली घालून उभे होते. सव्वीस वर्षं लिफ्टने त्यांना सांभाळलं, आणि लिफ्ट वाचवायला धावून धावून त्यांनीच तिचं दार लावलं होतं. बाईंनी किल्ली मागितली. काकांनी ती पुसून दिली.

"स्टूल घरी नेलं तर चालेल का, बाई?"

"घरी कशाला?" बाई म्हणाल्या. "खाली अजून एक ओळ आहे." ती ओळ अशी होती, की सदर कर्मचाऱ्यास जिन्यावर नेमावे, आणि इतरांना रोज वर पोचवण्याचे व त्यांना फळ समोर खायला लावण्याचे काम द्यावे. वहीही त्याच्याकडेच ठेवावी.

सोमवारी सकाळी साहेब लवकर आले. इकडेतिकडे बघितलं. खिशातून घरून आणलेलं सफरचंद काढलं.

"काका, गुडघा दुखतोय. फक्त आजचा दिवस."

"किल्ली बाईंनी नेली, साहेब. चला, सावकाश चढू. आणि सफरचंद तुम्हीच खा."

पहिला मजला साहेब बोलत चढले, दुसरा न बोलता. तिसऱ्या मजल्यावर वळणाशी काकांचं स्टूल ठेवलेलं होतं, काकूंनी शिवलेल्या नव्या गादीसकट. साहेब त्यावर बसले आणि डोळे मिटले. काका शेजारी वही घेऊन उभे राहिले. त्यांना दम लागलेला नव्हता.

"वहीत काय लिहू, साहेब?"

साहेबांनी धापा टाकत डोळे उघडले. "माणूस लिहा," ते म्हणाले.

काकांनी लिहिलं: माणूस एक, तिसरा मजला. एवढ्यात खालून कुणीतरी कठड्याला धरून चढत असल्याचा आवाज आला, आणि मग हेडक्लार्कांचा क्षीण स्वर.

"काका, स्टूल रिकामं आहे का?"

"या," काकांनी वाकून सांगितलं. "साहेब उठतच आहेत."