तक्त्यात आहे तसंच

"माझं माप चुकत नाही, आणि चुकलंच तर समजायचं भिंत चुकलीय!"

विज्ञान संग्रहालयातले सुतार, म्हणजे सगळ्यांचे मिस्तरी, हे वाक्य तीस वर्षं दिवसातून दोनदा तरी ऐकवत आले होते. संचालक मॅडमनी बोलावलं तेव्हाही त्यांनी त्यासाठीच तोंड उघडलं होतं. पण मॅडम आधी बोलल्या.

"मिस्तरी, मॉडेलं हल्ली तयार मिळतात. तुमची कार्यशाळा बंद करून तिथे सायकली लावाव्यात म्हणते."

मिस्तरींच्या पायाखालची जमीन सरकली. रंधा, करवती, पटाशी, सगळं आयुष्य त्या खोलीत, आणि तिथे सायकली!

"एक शेवटचं काम बघा," मॅडम म्हणाल्या. "नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाचे छोटे गोळे फिरतात. त्यांच्या कक्षा गोल नसतात, चांगल्या लांबट असतात. त्यातल्या एकाचा हा तक्ता. यात आहे तसंच हवं, काटछाट नको. जमलं तर कार्यशाळा राहील."

"हे तर डाव्या हाताचं काम!" मिस्तरी म्हणाले.

आता शहाण्या माणसाने ती कक्षा दाबून-चेपून टेबलावर बसवली असती. पण मिस्तरी पडले मापाचे माणूस. सूर्यापासून नेपच्यून तीन फुटांवर धरला, तर गोळा जवळ येतो साडेतीन फुटांवर. आणि लांब जातो? साठ फूट! दालनाची भिंत होती विसाव्या फुटावर.

"म्हणजे भिंत चुकलीय," मिस्तरी समाधानाने म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक तार कप्प्यांवरून फिरवली. सूर्याला वळसा घालून ती भिंतीवरच्या झरोक्यातून बाहेर, तिथून मॅडमच्या खोलीवरून थेट कॅन्टीनमध्ये आणि परत. तारेला एक हूक, हुकाला गोळा. तक्त्यात लिहिलं होतं की सूर्याजवळ वेग जास्त, लांब गेल्यावर अगदी कमी. मोटर तशीच बसवली.

गोळाही खराखुरा बर्फाचा! घरचा फ्रीज आठवडाभर मळकट गोळ्यांनी भरला होता.

"अहो, सगळं जग सूर्याभोवती फिरतं, तुम्ही फ्रीजभोवती का फिरताय? भाजी कुठे ठेवू मी?" बायको ओरडली.

"चार दिवस बाहेर ठेव. कार्यशाळेचा प्रश्न आहे!"

मग मात्र संध्याकाळी बर्फात घालायला थोडी बारीक माती तिनेच चाळून दिली.

उद्घाटनाला पन्नास पाहुणे. मॅडमनी बटण दाबलं. गोळा डौलात निघाला, नेपच्यूनला मागे टाकून झरोक्यातून दिसेनासा झाला. टाळ्या! मग सगळे झरोक्याकडे बघत बसले.

"हा गेला कुठे?" मॅडमनी हळूच विचारलं.

"लांब. तुमच्या खोलीवरून कॅन्टीनपर्यंत."

"कॅन्टीन? अहो, परत कधी येणार तो?"

"खरं तर हजारो वर्षं लागतात, मॅडम. मी वीस मिनिटांत बसवलंय!"

मॅडमनी भाषण सुरू केलं. ते संपलं, तरी गोळा नाही. मग त्यांनी तेच भाषण पुन्हा केलं. पाहुणे जांभया देऊ लागले. मिस्तरींना झरोक्यात एकामागून एक सायकली दिसायला लागल्या.

तिकडे कॅन्टीनमध्ये गोळा शेगडीच्या वर पोचला, वितळला आणि बदकन खाली पडला. राहिला रिकामा हूक, मुंगीच्या पावलांनी मॅडमच्या खोलीकडे सरकणारा. कॅन्टीनच्या मावशींनी तो पाहिला. शिपाई किटली घेऊन वाटेत चार ठिकाणी गप्पा मारतो, मॅडमना चहा गारढोण मिळतो, हे रडगाणं त्या तीन वर्षं ऐकत होत्या. "काहीतरी सोय करू" असं ऑफिसने म्हटलंही होतं.

"केली बाई सोय एकदाची!" मावशी म्हणाल्या आणि टॉवेलात गुंडाळलेली किटली त्यांनी हुकाला अडकवली.

विसाव्या मिनिटाला झरोक्यातून किटली आली. पाहुणे उठून उभे राहिले. सूर्य जवळ आला तसा तिचा वेग वाढला. सूर्याला तिने असा काही गरकन वळसा घातला की झाकण उडालं, नेपच्यूनला आंघोळ झाली आणि मॅडमच्या भाषणाचे कागद तपकिरी झाले!

"बंद करा!" मॅडम ओरडल्या. मिस्तरींनी खटका ओढला. किटली झुलत झुलत मॅडमच्या नाकासमोर थांबली. तीतून वाफ येत होती.

मिस्तरींनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

मॅडमनी उरलेला चहा कपात ओतला, एक घोट घेतला. मग दुसरा.

"गरम आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तीन वर्षांत पहिल्यांदा!"

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला. कार्यशाळा कायम. आणखी एक तार ग्रंथालयापर्यंत न्यावी. ग्रह किटलीच्या वाटेत येतात, ते काढून टाकावेत.

मिस्तरींनी हुकूम दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि खूश होऊन स्क्रू सोडवायला घेतले. नेपच्यून काढला, बाकीचे काढले. मग मात्र ते मॅडमकडे गेले.

"मॅडम, तेवढा सूर्य राहू द्या. नाहीतर किटली वळणार कशाभोवती?"